फोर बाय फोर घेताना : गिअर हाताने की आपोआप?

नाशिक – फोर व्हील ड्राइव्ह मोटार ही एकेकाळी वनखाते, लष्कर, पोलिस आणि डोंगराळ भागातील शेतकरी यांचीच गाडी होती. आता ती कॉलेज रोड आणि गंगापूर रोडवरील इमारतींच्या वाहनतळांतही दिसते. पावसाळ्यातील रविवारी त्र्यंबकेश्वर, पहिने, घोटी, भंडारदरा या रस्त्यांवर तर अशा गाड्यांची रांगच लागते. गाडी घ्यायचे ठरले, रंग ठरला, कर्जाचा हप्ताही ठरला, की शेवटी एक प्रश्न उरतो : गिअर मॅन्युअल घ्यायचे की ऑटोमॅटिक?

या प्रश्नावर सल्ला देणाऱ्यांची वाण नसते. 'खरी फोर बाय फोर म्हणजे मॅन्युअलच, ऑटोमॅटिक चिखलात काय कामाची?' असे अनुभवी मंडळी ठामपणे सांगतात. पंधरा वर्षांपूर्वी हा सल्ला योग्य होता. आज तो अर्धाच खरा आहे. दोन्ही प्रकारांतील किमतीचा फरक साधारणपणे लाख ते दीड लाख रुपयांचा असतो, त्यामुळे चुकीची निवड महागात पडते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तीव्र चढ-उतारावर दोन्ही गिअरबॉक्स वेगळ्या पद्धतीने हाताळावे लागतात. एकाची सवय दुसऱ्यावर चालवली, तर अपघाताला निमंत्रण मिळते. म्हणून निवड करण्यापूर्वी दोन्हींचे कार्य समजून घेणे आवश्यक आहे.

जीपपासून 'थार'पर्यंत

भारतातील फोर व्हील ड्राइव्हचा इतिहास जीपपासून सुरू होतो. महिंद्र कंपनीने १९४७ मध्ये विलिज जीपची जुळणी मुंबईत सुरू केली. त्यानंतर अनेक दशके या वर्गातील गाडी म्हणजे हाताने टाकायचे गिअर, असेच समीकरण होते. डिसेंबर १९८५ मध्ये आलेली मारुतीची 'जिप्सी' अखेरपर्यंत मॅन्युअलच राहिली. नाशिकच्या कारखान्यात तयार होणारी 'थार' २०१० मध्ये प्रथम बाजारात आली, तेव्हा तिलाही पाच गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्सच होता.

त्या काळी ऑटोमॅटिक गिअर आणि चारही चाकांची शक्ती या दोन्ही गोष्टी एकाच गाडीत हव्या असतील, तर बहुतेक वेळा महागड्या गाड्यांकडे वळावे लागे. २०१७ मध्ये आलेल्या टाटाच्या 'हेक्सा'चे उदाहरण बोलके आहे. तिच्यात ऑटोमॅटिक गिअर मिळत होते आणि फोर बाय फोरही मिळत होते, परंतु दोन्ही एकत्र मिळत नव्हते. रेनॉच्या 'डस्टर'मध्येही चारही चाकांची शक्ती हवी असल्यास मॅन्युअलच घ्यावी लागे.

चित्र पालटले ते २ ऑक्टोबर २०२० रोजी दुसऱ्या पिढीची 'थार' आली तेव्हा. पेट्रोल आणि डिझेल या दोन्ही इंजिनांसह फोर बाय फोरमध्ये सहा गिअरचा मॅन्युअल आणि सहा गिअरचा ऑटोमॅटिक असे दोन्ही पर्याय तिने दिले. जून २०२२ मध्ये 'स्कॉर्पिओ एन', जून २०२३ मध्ये मारुतीची 'जिम्नी' आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पाच दरवाजांची 'थार रॉक्स' या गाड्याही दोन्ही पर्यायांसह आल्या. याउलट फोर्स मोटर्सची 'गुरखा' ही २०२४ च्या सुधारित आवृत्तीतही केवळ मॅन्युअलच ठेवण्यात आली.

जगात मात्र प्रवाह ऑटोमॅटिककडे आहे. लँड रोव्हरची जुनी 'डिफेंडर' जानेवारी २०१६ मध्ये बंद झाली. तिच्या जागी आलेल्या नव्या 'डिफेंडर'ला मॅन्युअल गिअरबॉक्स देण्यातच आला नाही. पुण्याजवळ रांजणगाव येथे २०२१ पासून जुळणी होणारी जीप 'रँग्लर' भारतात ऑटोमॅटिक म्हणूनच विकली गेली. खडकाळ वाटांसाठी नावाजलेल्या गाड्याच ऑटोमॅटिक होत असतील, तर 'ऑटोमॅटिक म्हणजे शहरी चोचले' हा समज तपासून पाहायलाच हवा.

आधी 'लो रेंज' पाहावी

गिअरबॉक्सच्या वादात एक महत्त्वाचा भाग अनेकदा विसरला जातो. तो म्हणजे ट्रान्सफर केस. गिअरबॉक्समधून आलेली शक्ती पुढच्या आणि मागच्या आसाकडे वाटून देण्याचे काम हा भाग करतो. मुख्य गिअरच्या शेजारी असलेला छोटा दांडा किंवा काही गाड्यांतील बटण त्यासाठीच असते.

'टू एच' या स्थितीत दोनच चाके गाडी ओढतात. रोजच्या डांबरी रस्त्यावर हीच स्थिती योग्य. 'फोर एच'मध्ये चारही चाकांना शक्ती मिळते. ओले गवत, सुटी खडी, चिखल यासाठी ती वापरावी. 'फोर एल' म्हणजे 'लो रेंज'. हिच्यात चाकांचा वेग कमी होतो आणि त्याच प्रमाणात जोर वाढतो. 'जिम्नी'मध्ये हा फरक सुमारे दोन पटींचा आहे, तर खास खडकांसाठी बनवलेल्या काही परदेशी गाड्यांमध्ये तो चार पटींपर्यंत जातो.

'थार', 'जिम्नी' यांसारख्या गाड्यांतील व्यवस्था 'पार्ट टाइम' स्वरूपाची आहे. पुढचा आणि मागचा आस त्यात एकमेकांशी घट्ट जोडला जातो. त्यामुळे कोरड्या डांबरी रस्त्यावर 'फोर एच' लावून वळण घेतल्यास यंत्रणेवर ताण येतो आणि टायरही झिजतात. गिअरबॉक्स कोणताही असला, तरी हा नियम सारखाच आहे.

'लो रेंज' असलेली ऑटोमॅटिक गाडी ही 'लो रेंज' नसलेल्या मॅन्युअल गाडीपेक्षा अवघड वाटेवर केव्हाही सरस ठरते. 'एसयूव्ही' म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक गाड्यांत चारही चाकांची शक्ती नसते. काहींत ती असते, पण 'लो रेंज' नसते. 'थार'ही जानेवारी २०२३ पासून केवळ मागच्या चाकांवर चालणाऱ्या स्वरूपात मिळू लागली. त्यामुळे नाव पाहून नव्हे, तर नेमकी आवृत्ती पाहून गाडी नोंदवावी.

क्लच आणि तेलाचा पंखा

मॅन्युअल गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये क्लच असतो. घर्षणाच्या बळावर चिकटणारी ही एक तबकडी. पाय उचलला की ती घट्ट बसते आणि इंजिनाची ताकद पुढे जाते. पाय अर्धवट ठेवला, म्हणजे 'हाफ क्लच' केला, की ती घासत राहते आणि तापते. घाटात रांगेत अडकलेल्या गाडीतून येणारा करपट वास हा याच तबकडीचा.

ऑटोमॅटिक फोर बाय फोरमध्ये क्लचच्या जागी टॉर्क कन्व्हर्टर असतो. त्याचे तत्त्व घरातल्या पंख्यावरून समजते. दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवले आणि एकच सुरू केला, तर त्याच्या वाऱ्याने दुसऱ्याची पातीही फिरू लागतात. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये वाऱ्याऐवजी तेल असते. इंजिन एक चक्र फिरवते, तेलाचा झोत दुसरे चक्र फिरवतो. दोहोंच्या मध्ये असलेले तिसरे चक्र परतणाऱ्या तेलाला योग्य दिशा देते. त्यामुळे गाडी जागेवरून हलताना इंजिनाचा जोर जवळपास दुप्पट होऊन पुढे पोहोचतो. घासणारी तबकडी नसल्याने या क्षणी काही झिजतही नाही. मात्र तेल घुसळले जाऊन तापते. हाच या यंत्रणेचा कच्चा दुवा.

स्वस्त शहरी गाड्यांत मिळणारा 'एएमटी' हा प्रकार यापेक्षा वेगळा आहे. त्यात नेहमीचाच क्लच असतो, फक्त तो दाबण्याचे काम यंत्र करते. 'एएमटी'चा अनुभव घेऊन टॉर्क कन्व्हर्टरबद्दल मत बनवणे म्हणूनच योग्य ठरत नाही. 'थार', 'थार रॉक्स', 'स्कॉर्पिओ एन', 'जिम्नी' आणि टोयोटाची 'फॉर्च्युनर' या गाड्यांच्या ऑटोमॅटिकमध्ये टॉर्क कन्व्हर्टरच आहे.

चढावर

खडकाळ चढावर गाडी थांबली आणि पुन्हा सुरू करायची असेल, तेव्हा दोन्हींतील फरक सर्वाधिक जाणवतो. मॅन्युअल गाडीत ब्रेक, क्लच आणि ॲक्सिलरेटर या तिघांचा मेळ दोन पायांनी साधावा लागतो. क्लच घाईने सोडला तर इंजिन बंद पडते, उशिरा सोडला तर गाडी मागे घरंगळते. 'लो रेंज'मध्ये पहिला गिअर टाकला असता हे काम बरेच सोपे होते, कारण गाडी ॲक्सिलरेटर न देताही मुंगीच्या गतीने चढू लागते. पण 'लो रेंज' वेळेवर टाकण्याची आठवण चालकाला राहावी लागते.

ऑटोमॅटिकमध्ये इंजिन बंद पडण्याची भीती नाही. उजवा पाय ॲक्सिलरेटरवर किंवा ब्रेकवर, एवढेच काम. लक्ष सगळे चाकांखालच्या दगडांकडे देता येते. नवख्या चालकाला हा मोठाच आधार वाटतो. काही गाड्यांत कंपनी ऑटोमॅटिकला इंजिनाचा जोरही अधिक देते. 'थार'च्या २०२० च्या पेट्रोल इंजिनाचा टॉर्क मॅन्युअलमध्ये ३०० न्यूटन मीटर, तर ऑटोमॅटिकमध्ये ३२० न्यूटन मीटर ठेवण्यात आला. 'फॉर्च्युनर'च्या २.८ लिटर डिझेल इंजिनात ही तफावत ४२० आणि ५०० अशी मोठी आहे.

चढ अर्ध्यावर फसला, तर मात्र दोन्ही गाड्यांच्या चालकांसाठी नियम एकच. गाडी आडवी वळवू नये आणि न्यूट्रलमध्ये मागे सोडू नये. ब्रेक दाबून गाडी थोपवावी, रिव्हर्स गिअर टाकावा आणि सरळ रेषेत, इंजिनाच्या रोधावर मागे यावे. मॅन्युअलमध्ये या वेळी घाबरून क्लच दाबून धरला, तर इंजिनाचा रोध नाहीसा होतो आणि गाडी सुटते. उतारावर गाडी उलटण्याचे प्रसंग बहुधा अशाच वेळी ओढवतात.

उतारावर

उतारावर मॅन्युअलचा वरचष्मा अजूनही कायम आहे. 'लो रेंज', पहिला गिअर आणि दोन्ही पाय पेडलवरून दूर, एवढे केले की गाडी इंजिनाच्या रोधावर हळूहळू उतरते. इंजिन आणि चाके घट्ट जोडलेली असल्याने हा रोध खात्रीचा असतो. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये तेलाचा सांधा असल्यामुळे रोध थोडा ढिला पडतो. आधुनिक गाड्यांत उतारावर वेग आपोआप आवरणारी 'हिल डिसेंट कंट्रोल' यंत्रणा ही उणीव बरीचशी भरून काढते.

खरी चूक होते ती डांबरी घाटात. ऑटोमॅटिक गाडीचा चालक दांडा 'डी'वर ठेवून निश्चिंत राहतो. उतारावर ॲक्सिलरेटरवरचा पाय निघताच गाडी वरच्या गिअरमध्ये जाऊ शकते. मग सगळा भार ब्रेकवर येतो. सप्तशृंगगडावरून नांदुरीकडे उतरताना किंवा कसारा घाटातून मुंबईकडे जाताना सतत दाबलेला ब्रेक तापतो, आणि तापलेला ब्रेक ऐन वळणावर दगा देतो. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा टप्पा खुला झाला. सुमारे आठ किलोमीटरच्या बोगद्यामुळे मुंबईला जाणाऱ्यांना कसारा घाट टाळता येऊ लागला. पण जिल्ह्यातील अन्य घाटांना असा पर्याय नाही.

उपाय सोपा आहे. ऑटोमॅटिक गाडीतही गिअर हाताने निवडण्याची सोय असते. घाट उतरण्यापूर्वीच दुसरा किंवा तिसरा गिअर निवडून तो कायम ठेवावा. 'ज्या गिअरने चढता, त्याच गिअरने उतरा' हा जुन्या चालकांचा नियम ऑटोमॅटिकलाही तितकाच लागू आहे.

चिखल, वाळू आणि पाणी

नाशिक जिल्ह्याची जमीन एकसारखी नाही. पश्चिमेला इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा हे डोंगराळ आणि अतिपावसाचे तालुके, तर पूर्वेला निफाड, सिन्नर, येवला यांचे तुलनेने सपाट रान. निफाडसारख्या भागातील काळी माती कोरडी असताना दगडासारखी घट्ट असते, पाऊस पडताच साबणासारखी निसरडी होते. ती टायरच्या खाचांत भरली की टायर गुळगुळीत होऊन जागीच फिरू लागतो.

अशा चिखलात गती टिकवणे महत्त्वाचे असते. मॅन्युअलमध्ये गिअर बदलताना शक्ती क्षणभर तुटते आणि तेवढ्यात गाडी रुतते. म्हणून जाणकार चालक आधीच दुसरा किंवा तिसरा गिअर टाकून तो शेवटपर्यंत बदलत नाहीत. ऑटोमॅटिकमध्ये शक्ती अखंड राहते. मात्र चाके फिरली की यंत्रणा गोंधळून नको तेव्हा वरचा गिअर टाकते. येथेही गिअर हाताने निवडून ठेवणे हाच उपाय. समुद्रकिनारीच्या वाळूत ऑटोमॅटिक अधिक सोयीची ठरते, पण दीर्घकाळ जोर लावल्यास तिचे तेल तापते. तापल्याची सूचना दिसली, तर गाडी थांबवून इंजिन काही वेळ सुरूच ठेवावे, म्हणजे तेल फिरत राहून थंड होते.

रुतलेली गाडी बाहेर काढण्यासाठी पुढे-मागे झोके द्यावे लागतात. या कामात मॅन्युअल चटपटीत असते. ऑटोमॅटिकमध्ये प्रत्येक वेळी गाडी पूर्ण थांबवूनच 'डी'वरून 'आर'वर जावे. घाई केल्यास गिअरबॉक्सला धक्का बसतो.

पाण्याच्या बाबतीत गिअरबॉक्सपेक्षा विवेक महत्त्वाचा. 'थार'ची पाण्यातून जाण्याची क्षमता कंपनीने ६५० मिलिमीटर सांगितली आहे. हा आकडा संथ पाण्याचा आहे, पुराच्या पाण्याचा नव्हे. वाहते पाणी फूटभर खोल असले, तरी लहान मोटार उचलली जाऊ शकते. दोन फूट वाहत्या पाण्यात मोठी गाडीही तग धरत नाही. पावसाळ्यात फरशी पुलावरून पाणी जात असेल, तर गाडी फोर बाय फोर असो वा नसो, परत फिरणे हाच शहाणपणा. संथ पाण्यातून जाताना मॅन्युअल गाडीच्या चालकाने मध्येच क्लच दाबू नये, गिअरही बदलू नये. ऑटोमॅटिक गाडी खोल पाण्यातून गेली असल्यास गिअरबॉक्सच्या तेलात पाणी शिरले नाही ना, याची तपासणी करून घ्यावी. पाणी शिरून इंजिन बिघडल्यास साध्या विमा पॉलिसीत त्याची भरपाई सहसा मिळत नाही. त्यासाठी इंजिन संरक्षणाचे वेगळे कवच घ्यावे लागते.

सोमवार ते शनिवार

फोर बाय फोर गाडीचे आयुष्य प्रत्यक्षात कोठे जाते, याचा हिशेब खरेदीदाराने प्रामाणिकपणे मांडायला हवा. द्वारका चौक, मुंबई नाका, सीबीएस येथील सकाळ-संध्याकाळची वाहतूक, मुलांची शाळा, सातपूर किंवा अंबडची नोकरी यांतच आठवड्याचे सहा दिवस संपतात. या गाड्यांचा क्लच लहान मोटारींपेक्षा बहुधा जड असतो. तासाभराच्या कोंडीत डावा गुडघा बोलू लागतो. घरात गाडी चालवणारे आणखी कोणी असेल, विशेषतः ज्येष्ठ व्यक्ती किंवा नुकतेच गाडी शिकलेले तरुण, तर ऑटोमॅटिकमुळे गाडी सर्वांची होते. मॅन्युअल जीपवर्गीय गाडी अनेक घरांत एकाच माणसाची होऊन बसते.

याउलट पेठ किंवा सुरगाणा तालुक्यात रोज जाणे-येणे असणाऱ्यांची कोंडीशी गाठ क्वचितच पडते. त्यांच्या वाटेवर वळणे आहेत, खड्डे आहेत, आणि गाडी बंद पडली तर मदत लांब आहे. त्यांच्यासाठी हिशेब वेगळा मांडावा लागतो.

खर्चाचे गणित

मॅन्युअल स्वस्त, हे उघड आहे. 'थार' आणि 'जिम्नी'च्या वर्गात दोहोंतील फरक लाख-दीड लाखाचा, मोठ्या गाड्यांत त्याहून अधिक. काही वेळा ऑटोमॅटिक गिअर केवळ वरच्या आवृत्तीतच मिळतो. तेव्हा गिअरबरोबर नको असलेल्या सोयींचेही पैसे मोजावे लागतात. नोंदणी करून रस्त्यावर आणताना हा फरक आणखी वाढतो, कारण कर आणि विमा किमतीच्या प्रमाणात आकारला जातो.

इंधनाचा फरक मात्र पूर्वीइतका राहिलेला नाही. 'जिम्नी'ची प्रमाणित सरासरी मॅन्युअलमध्ये लिटरला १६.९४ किलोमीटर, तर ऑटोमॅटिकमध्ये १६.३९ किलोमीटर सांगण्यात आली. वर्षाला १५ हजार किलोमीटर फिरणाऱ्या गाडीला यामुळे सुमारे ३० लिटर पेट्रोल जास्त लागेल. म्हणजे खर्च साधारण तीन हजार रुपयांच्या आसपास. प्रत्यक्ष रस्त्यावर दोन्ही आकडे खाली येतात आणि शहरी कोंडीत फरक वाढूही शकतो, पण केवळ इंधनासाठी ऑटोमॅटिक नाकारावी एवढा तो नाही.

देखभालीत चित्र मिश्र आहे. क्लच ही झिजणारी वस्तू आहे. चुकीच्या सवयीने ती लवकर झिजते आणि बदलण्याचा खर्च येतो. पण हे काम गावोगावच्या अनेक मेस्त्रींना येते. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स सांभाळून वापरल्यास वर्षानुवर्षे कुरकुरत नाही. बिघडला तर मात्र अधिकृत केंद्राशिवाय गत्यंतर नसते आणि दुरुस्तीचा आकडा मोठा असतो. त्यातील तेल कंपनीच्या पुस्तिकेनुसार वेळेवर बदलणे हाच खरा विमा. डोंगरात आणि ओझे ओढण्यासाठी वापर असेल, तर ते ठरलेल्या मुदतीआधी तपासावे.

रानात बंद पडली तर

बॅटरी उतरल्यास मॅन्युअल गाडी धक्का मारून सुरू करता येते. ऑटोमॅटिकला ही सोय नाही. दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून वीज घेण्यासाठी जाड केबल सोबत ठेवणे म्हणून गरजेचे. क्लच अर्धवट निकामी झाला, तरी कसबी चालक मॅन्युअल गाडी गावापर्यंत आणू शकतो. ऑटोमॅटिकचा गिअरबॉक्स रुसला, तर गाडी तेथेच राहते.

ओढून नेतानाही काळजी हवी. ऑटोमॅटिक गाडी चाके जमिनीवर ठेवून ओढल्यास आतील भागांना तेल मिळत नाही आणि ते जळतात. गाडी पूर्णपणे उचलून ट्रकवर नेणे उत्तम. ते शक्य नसेल, तर पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे ट्रान्सफर केस न्यूट्रलमध्ये टाकूनच ती हलवावी.

कोणी काय घ्यावे?

शहरात राहणारे, रोज कोंडीतून जाणारे, महिन्यातून एखाद-दुसऱ्या वेळी डोंगराकडे वळणारे आणि घरात एकाहून अधिक चालक असलेले यांनी ऑटोमॅटिक घ्यावी. अवघड वाटेचा सराव नसणाऱ्यांनाही चढावर तीच अधिक सुरक्षित. जादा पैसे देणे शक्य असेल, तर या वर्गाने मनात शंका ठेवू नये.

ज्यांच्या शेताची किंवा कामाची वाटच कच्ची आहे, जे सेवा केंद्रापासून दूर राहतात, वर्षानुवर्षे एकच गाडी वापरतात आणि गावातील मेस्त्रीवर विसंबतात, त्यांच्यासाठी मॅन्युअल योग्य. अंदाजपत्रक ताणलेले असेल, तेव्हाही मॅन्युअल फोर बाय फोर घेऊन उरलेल्या पैशांत चांगले टायर, ओढण्याचा मजबूत पट्टा आणि एखाद्या दिवसाचे प्रशिक्षण घेणे अधिक शहाणपणाचे. महिंद्रने इगतपुरीजवळ अशा प्रशिक्षणासाठी खास मैदान उभारले, ते याच गरजेतून.

गिअर टाकण्यात ज्यांना आनंद वाटतो, त्यांनीही मॅन्युअल जरूर घ्यावी. मात्र तो आनंदाचा निर्णय आहे, क्षमतेचा नव्हे, हे ध्यानात ठेवावे. आणि वर्षभरात 'फोर एल' एकदाही वापरावी लागणार नसेल, तर प्रश्न गिअरबॉक्सचा नाहीच. फोर बाय फोर हवी का, हाच आधी विचारावा.

चौकट : चाचणी फेरी घेताना

- फेरी मोकळ्या रस्त्यावर नव्हे, तर गर्दीच्या वेळी घ्यावी.
- इमारतीच्या तळघरातील वाहनतळाच्या चढावर गाडी थांबवून पुन्हा सुरू करावी. रिव्हर्समध्येही चढवून पाहावी.
- घरात जे गाडी चालवणार आहेत, त्या सर्वांनी ती चालवावी. क्लच जड वाटतो का, पाय नीट पोहोचतो का, हे पाहावे.
- ऑटोमॅटिकमध्ये गिअर हाताने निवडण्याची पद्धत विक्रेत्याकडून समजून घ्यावी.
- 'फोर एच' आणि 'फोर एल' टाकण्याची कृती सुट्या मातीवर करून पाहावी. 'फोर एल'साठी गाडी थांबवून गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा लागतो का, हे पुस्तिकेत वाचावे.

चौकट : जुनी गाडी घेताना

- मॅन्युअलमध्ये चढावर वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबावा. इंजिनाचा आवाज वाढूनही वेग वाढत नसेल, तर क्लच झिजला आहे.
- ऑटोमॅटिकमध्ये 'डी' किंवा 'आर' टाकल्यावर गाडीने विलंब न लावता, धक्का न देता प्रतिसाद द्यायला हवा.
- गिअरबॉक्सचे तेल काळपट झाले असेल किंवा त्याला करपट वास येत असेल, तर व्यवहार टाळावा.
- 'फोर एल' प्रत्यक्ष लागते का, हे पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. वर्षानुवर्षे न वापरलेली यंत्रणा अडकून बसलेली असू शकते.
- गालिच्याखाली गाळ किंवा गंज आढळल्यास गाडी पुराच्या पाण्यात गेली असण्याची शक्यता असते.

पुढे काय?

हा वाद फार काळ टिकेल, असे दिसत नाही. टाटाची विजेवर चालणारी 'हॅरियर' जून २०२५ मध्ये आली. तिच्या चारही चाकांना शक्ती देणाऱ्या आवृत्तीत पुढे आणि मागे स्वतंत्र मोटार आहे. क्लच नाही आणि बदलायचे गिअरही नाहीत. महिंद्रने १५ ऑगस्ट २०२३ रोजी दक्षिण आफ्रिकेतील केपटाउन येथे विजेवर चालणाऱ्या 'थार'चे प्रारूप दाखवले होते. विजेच्या गाड्या डोंगरात रुळल्या, की गिअर हाताने की आपोआप हा प्रश्नच उरणार नाही.

तोवर नियम साधा आहे. गाडी रविवारच्या सहलीसाठी नव्हे, तर सोमवारपासूनच्या सहा दिवसांसाठी निवडावी. आणि घेतलेल्या गिअरबॉक्सची घाट उतरण्याची शिस्त पहिल्याच पावसाळ्याआधी शिकून घ्यावी.